चिंचेत धुतलेल्या पुंगळ्या

घरात कोणी चिंच भिजत घालून पितळेचं भांडं घासायला काढलं, की मी आजही उठून दुसऱ्या खोलीत जाते. नवऱ्याला वाटतं मला कामाचा कंटाळा आहे. तसा तो आहेही, पण उठण्याचं कारण ते नाही. त्या वासाबरोबर आयर्लंडातल्या डोनेगलमधली पत्र्याची एक शेड आठवते, तिच्या दारात खिशात हात घालून उभा असलेला फ्रँक आठवतो, आणि डोक्यात जी तिडीक जाते ती जेवायची वेळ झाली तरी उतरत नाही. वर्षं गेली की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा म्हणून मी काही केलेलंही नाही.

बाबा तिथल्या लेटरकेनीच्या इस्पितळात हाडांचे डॉक्टर होते, दर थोड्या महिन्यांनी नवं कंत्राट मिळणारे. त्यामुळे आमच्या घरात कायमचं असं काहीच घेतलं जायचं नाही. सोफा घरमालकाचा, पडदे घरमालकाचे, भिंतीवर खिळा ठोकायचा तर त्याला विचारून. आमचं म्हणावं असं जे होतं ते सगळं स्वयंपाकघरात होतं. पुण्याहून आणलेला कुकर, पोळपाट, मिसळणाचा डबा, आणि आजीने बॅगेत कोंबलेला बिनबियांच्या चिंचेचा एक मोठा गोळा, मीठ लावून कापडात बांधलेला. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. चिंच वरच्या प्रेसमध्ये असायची आणि आई ती सोन्यासारखी पुरवून वापरायची, कारण जवळच्या दुकानात तेव्हा तसलं काही मिळत नसे. पाऊस मागच्या काचेच्या खोलीच्या छपरावर दिवसभर टपटपत असायचा. बॉयलर सुरू झाला की भिंतीतून कोणीतरी खाकरल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजांच्या मध्ये आई एकटी असायची.

आई धातुशास्त्राची इंजिनिअर. लग्नाआधी आणि लग्नानंतरही, मी शाळेत जायला लागेपर्यंत, पुण्याबाहेरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तिथे पितळेच्या नळ्या बनायच्या. नळी का फुटली, हे शोधून काढणं हे तिचं काम. आयर्लंडला आल्यावर तिच्या पासपोर्टात जो शिक्का बसला त्याचा अर्थ असा, की नवऱ्याबरोबर राहा, पण काम करू नका. डॉक्टर हवेत म्हणून बाबांना बोलावून घ्यायचं आणि त्यांच्या बायकोला म्हणायचं, बाई, तुम्ही खिडकीत बसून पाऊस बघा. ही काय रीत झाली? आई याबद्दल कधी बोलली नाही. तिने रेफ्रिजरेटरच्या रबराची चीर दुरुस्त केली, शेजाऱ्यांचं गंजलेलं फाटक बघून ते का गंजलं हे मला सांगितलं, आणि संध्याकाळी आमटीला फोडणी दिली. एवढ्यावर तिची सगळी विद्या चालू होती.

रायफल नेमबाजीच्या नादाला मी लागले ती माझी वर्गमैत्रीण किआरा हिच्यामुळे. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बंदुका. क्लब गावाबाहेर, फ्रँकच्या शेतात. फ्रँक क्लबचा सचिव, जमीन त्याची, शेड त्याची, शेडला लागून असलेला वासरांचा गोठाही त्याचाच. माणूस वाईट नव्हता, हे मला रागातही कबूल करावं लागतं. बर्फ पडून रस्ते बंद झाले त्या हिवाळ्यात त्याने ट्रॅक्टर काढून बाबांना इस्पितळात पोचवलं होतं. आम्हा मुलांना नेम धरायला त्यानेच शिकवलं, श्वास अर्धा सोडून थांबायला त्यानेच शिकवलं, आणि पुंगळ्या निवडायलाही त्यानेच.

गोळी झाडली की पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. ती नीट जपली तर पुन्हापुन्हा भरता येते. भरण्याचं काम आमच्याकडे नव्हतं, बंदुकीची दारू आणि परवाना दोन्ही फ्रँकच्या ताब्यात असायचे. आमच्या वाट्याला फक्त रिकाम्या पुंगळ्या. पण नेम लागायचा की नाही ते अर्धं तिथेच ठरतं. बुडावरचा शिक्का बघून एका कारखान्याच्या पुंगळ्या एकत्र करायच्या. तोंड चेपलेलं असेल तर बाजूला. वाकवलेली तार आत घालून भिंतीला कुठे खोलगट लागतंय का ते चाचपायचं. लागलं, तर ती पुंगळी आतून विरत चाललीय, तिला निरोप द्यायचा. उरलेल्या धुवायच्या, मग फ्रँक त्या साच्यात दाबून मूळ मापाला आणायचा, आणि आम्ही वाढलेली तोंडं कापून, कडा घासून, सगळ्या एका उंचीच्या करायच्या. मला हे काम नेमबाजीपेक्षाही आवडायचं. माझ्या हातात कधी नव्हे तो धीर यायचा.

एकदा मी माझ्या वाटणीच्या पुंगळ्या घरी आणल्या आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसले. आई कणीक मळत होती. हात धुऊन ती आली, एक पुंगळी उचलली, खिडकीशी धरली, फिरवली, आणि मग नखाने तिच्यावर टिचकी मारून कानाशी नेली. बाजारात माठ घेताना वाजवून बघतात, अगदी तसं. चांगली पुंगळी बारीक किणकिणते. चिरलेली ठस्स वाजते. ही तार घालण्याआधीची परीक्षा मला फ्रँकने कधी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून माझी आई परत कामावर जायला लागली, असं मला वाटलं. ती माझ्या समोर बसायची, चष्मा कपाळावर चढवायची, पुंगळी हातात घेऊन म्हणायची, ही बघ, हिला कितीदा ताणलंय, धातूलाही आठवण असते. मी शाळेतून येईपर्यंत तिने प्रश्न तयार ठेवलेले असायचे. साचा कसला? दाबल्यावर तापवतात का? नाही? मग ताण तसाच राहतो म्हण.

आणि धुण्यासाठी चिंच हे तिचंच डोकं. क्लबमध्ये कसल्याशा पावडरीत घोळून घोळून पुंगळ्या कशाबशा मातकट निघायच्या. आईने प्रेसमधला तो गोळा उतरवला, कोळ काढला, पाणी घालून अगदी पातळ केला, त्यात पुंगळ्या थोडाच वेळ ठेवल्या, मग स्वच्छ पाण्यात चारदा खळबळल्या आणि बॉयलरजवळच्या उबेत फडक्यावर सुकवल्या. देवघरातल्या समईसारख्या निघाल्या त्या. मी क्लबमध्ये दाखवल्या तेव्हा सगळे बघत राहिले. फ्रँक म्हणाला, ग्रँड, म्हणजे तिकडच्या बोलीत झकास, मग आपल्या ज्युनियर मुलांच्या सगळ्याच पुंगळ्या तुझ्या आईकडे दे की. आईने दिल्या करून. एकाच दिवशी, एकाच पातेल्यात, माझ्या आणि क्लबच्या. त्यानंतर महिनाभर आमच्याकडची आमटी आमसुलावर झाली. बाबांनी एकदा विचारलं, चिंच संपली का? आई म्हणाली, पोरांच्या कामाला लागली. ती खूश होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण त्या घरात ती खूश असल्याच्या आठवणी माझ्यापाशी फार नाहीत.

पुढे फ्रँकने सगळ्या पुंगळ्या साच्यातून काढल्या. माझ्या मी घरी नेल्या, स्टीलच्या डब्यात भरून चिंचेच्या जागी प्रेसमध्ये ठेवल्या. क्लबच्या त्याने शेडच्या मागच्या फळीवर खोक्यांत रचल्या. मोठी माणसं आपापल्या पुंगळ्या घरीच ठेवायची, त्यामुळे त्या फळीवर फक्त मुलांचीच खोकी. फळीमागे लाकडी भिंत, भिंतीपलीकडे वासरं. हिवाळा लागला तशी वासरं आत बांधली गेली आणि आमचा सरावही बंद पडला.

वसंतात फ्रँकने त्या खोक्यांतल्या काही पुंगळ्या भरून दिल्या, आणि पहिल्याच सरावाला किआराच्या रायफलीतून नेहमीचा आवाज न येता फस्सकन काहीतरी फुटलं आणि तिच्या गालावर गरम हवेचा झोत आला. चष्मा होता म्हणून बरं. तिला काही झालं नाही, पण ती रडली, आणि मी पळत तिच्याकडे गेले. फ्रँकने पुंगळी ओढून काढली. मानेपासून खाली उभी चीर. मग खोकी उघडली. न झाडलेल्या, नुसत्या ठेवलेल्या पुंगळ्यांनाही चिरा होत्या, एकीला, दुसरीला, मूठभर उचलल्या तर मूठभरांना. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या पुंगळ्यांत वेगळं असं काय घडलं होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

फ्रँक ओरडला नाही. ओरडला असता तर मी सोसलं असतं. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुझ्या आईच्या मनात काही वाईट नव्हतं, ते मला ठाऊक आहे. पण ही बंदूक आहे बाळा, ही काही चटणी नाही." दोघंतिघं हसले. मग त्याने सांगितलं, की शरद ऋतूत देशाच्या मध्यभागी जो आंतरक्लब सामना आहे, त्याच्या संघातून मला तूर्त बाजूला ठेवावं लागेल. सुरक्षेचा प्रश्न आहे, बाकी काही नाही. किआरा माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही, आणि तिला मी दोष देत नाही. पण त्या चटणीच्या विनोदावर हसलेल्यांचे चेहरे मला आजही एकेक करून आठवतात.

घरी येऊन मी दप्तर भिरकावलं आणि सगळं सांगून टाकलं, चटणीसकट. बाबा ड्यूटीवरून नुकतेच आले होते. त्यांनी डोळे चोळत म्हटलं, जाऊ दे ना, छोटं गाव आहे, सगळ्यांना तोंड दाखवायचंय, कंत्राट संपत आलंय, उगाच कशाला. बाबांच्या तोंडी हे "जाऊ दे" इतक्यांदा यायचं की ते आमच्या तिघांच्या घरातलं चौथं माणूस होतं. मला त्या क्षणी फ्रँकपेक्षा बाबांचा जास्त संताप आला. आईने हात पुढे केला आणि विचारलं, फुटलेली एखादी आणलीस का?

आणली होती, रागारागाने खिशात कोंबून. आईने ती खिडकीशी नेली. भिंग काढलं. चिरेच्या कडेला निळसर हिरवी झाक होती, मोरचुदासारखी. मग तिने जे केलं ते बघून मला हसूच आलं असतं, एरवी. तिने पुंगळी नाकाशी नेऊन हुंगली. विचारलं, ही खोकी कुठे ठेवली होती? मी सांगितलं. शेजारी काय आहे? मी म्हटलं, वासरं. आई खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन, दुसरा शब्द नाही.

तिने मला समजावलं ते असं. साच्यातून दाबून काढलेल्या पितळेत ताण कोंडून राहतो. जनावरांच्या मुताचा जो झोंबणारा वास येतो, तो अमोनिया. दमट हवेत तो अमोनिया ताणलेल्या पितळेला लागला, की पितळ आपोआप चिरतं, कोणी हात लावावा लागत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही आपल्याच देशात. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवली जायची आणि न झाडताच फुटायची. कॉलेजात हे शिकवलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता, ती म्हणाली, आणि मग परीक्षेत आलं. चिंचेने वरचा मळ जातो, चिरा पडत नाहीत. मग ती उठली, प्रेस उघडून माझा डबा काढला आणि एकेक पुंगळी टिचकी मारून कानाशी नेऊ लागली. मीही बसले. स्वयंपाकघरभर किणकिण. तीच चिंच, तेच पातेलं, तोच साचा. एकही ठस्स वाजली नाही.

पुढच्या सरावाला आई माझ्याबरोबर आली. बाबांनी गाडी चालवत आणलं, पण ते उतरले नाहीत, काचा बंद करून बसले. आईने तिचा जाड कोट आणि खाली पंजाबी ड्रेस घातला होता, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्यात ती फुटकी पुंगळी कागदात गुंडाळून. फ्रँक आणि कमिटीची आणखी दोन माणसं शेडच्या दारात उभी होती. आईचं इंग्रजी पाठ्यपुस्तकी, सावकाश, पण एकही वाक्य चुकीचं नाही. तिने डब्यातली एक आणि ती फुटकी अशा दोन्ही पुंगळ्या शेजारी ठेवल्या, टिचकी मारून ऐकवल्या, चिरेवरचा निळा डाग दाखवला, भिंतीकडे बोट केलं. वासरं पलीकडे हंबरत होती, जणू साक्षीला बोलावलंय. ती माणसं मान हलवत होती, पण पाऊस काय म्हणतोय हे विचारताना हलवतात तशी. फ्रँकने मध्येच मला विचारलं, तुझे बाबा नाही आले का? त्यांना समजलं असतं हे, डॉक्टर आहेत ना ते. बाबांना. हाडांच्या डॉक्टरला. पितळेतलं.

आई म्हणाली, "मी मेटलर्जिस्ट आहे. हेच माझं काम होतं."

फ्रँक म्हणाला, "हो हो, ग्रँड. बघू आम्ही."

"संघाचं तुमचं तुम्ही ठरवा," आई म्हणाली. "पण मुलीला सगळ्या मुलांसमोर सांगितलंत, की तिच्या आईने पुंगळ्या खराब केल्या. ते खरं नाही. आता खरं काय तेही त्याच मुलांसमोर सांगा. मला एवढंच हवंय."

तो खाली बघून बुटाने चिखल सारत राहिला. मग म्हणाला, अहो, कोणालाच काही लागलं नाही, मग विषय कशाला वाढवायचा. आईने डबा बंद केला आणि आम्ही गाडीकडे चालत आलो. बाबांनी विचारलं, काय झालं? आई म्हणाली, चला.

पंधरवड्याने गेले तर मागची फळी रिकामी. खोकी क्लबच्या बैठकीच्या खोलीत, चहाच्या किटलीशेजारी, कोरड्या जागी. कोण म्हणालं हलवा? फ्रँक. का? त्याला आपलं वाटलं, दमट होतंय तिथे. कमिटीतल्या एकाने तर त्याचं कौतुकही केलं, जुना माणूस, अनुभव बोलतो म्हणाला. चिरलेल्या सगळ्या पुंगळ्या भंगारात गेल्या होत्या. आणि फ्रँकने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की झालं गेलं विसरून गेलो आम्ही, तू संघात आहेस. विसरून गेलो! काय विसरून गेलात? आम्ही केलेलं, की तुम्ही केलेलं? हे मी त्याला विचारलं नाही. ते आज इथे विचारतेय, त्याला ऐकू जाणार नाही अशा भाषेत.

बाबा खूश झाले. बघ, म्हणाले, आपोआप निवळलं की नाही. मी म्हटलं मी जाणार नाही, माफ केलेली म्हणून तर मुळीच जाणार नाही. तिसऱ्या दिवशी आई पोळ्या लाटत होती. पाठ न वळवता म्हणाली, "जा तू. पण या घेऊन जा," आणि पिठाच्या हाताने प्रेसमधला डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

त्या भरून घ्यायच्या म्हणजे फ्रँकलाच द्यायला हव्या होत्या. मी डबा त्याच्या टेबलावर ठेवला. सगळी मुलं भोवती होती, किआराही. त्याने झाकण काढलं. नियमाप्रमाणे त्याला एकेक तपासावी लागली, दिव्याखाली, तार घालून. मधेच त्याने एक पुंगळी उचलली, नखाने टिचकी मारली आणि कानाशी नेली. मग दुसरी. तसंच. आईने दाखवलेलं तो विसरला नव्हता, फक्त कुठून शिकला ते विसरला होता. मला वाटलं, आता म्हणेल. इतकी मुलं आहेत, एक वाक्य आहे, आता म्हणेल. त्याने शेवटची पुंगळी डब्यात टाकली आणि म्हणाला, "चांगल्या आहेत." किआराने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "या त्याच ना, तुझ्या आईने धुतलेल्या?" मी म्हटलं हो. फ्रँकने कागद चाळायला घेतले.

सामन्यात आम्ही दुसरे आलो. त्याबद्दल लिहायचं मला काही कारण दिसत नाही. घरी पोचले तेव्हा कुकरची शिट्टी होत होती आणि चिंचगुळाच्या आमटीचा वास येत होता. आजीने पुण्याहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी नवा गोळा पाठवला होता. आईने कितवी आलीस ते विचारलंच नाही. विचारलं, "एखादी फुटली?"

"एकही नाही."

तिने गॅस बारीक केला. "आणि तो काही म्हणाला का?"

मी नाही म्हटलं. आईने मान हलवली आणि ताटं घेतली. त्यानंतर वर्षभराने बाबांचं कंत्राट संपलं, आम्ही वॉटरफोर्डला गेलो, तिथून आणखी कुठे. क्लबच्या कोणाचीही पुन्हा गाठ पडली नाही. आईने पुन्हा कधी नोकरी केली नाही. शिक्का बदलून कामाची मुभा मिळाली तोवर इतकी वर्षं गेली होती, की तिला कोणी घेतलं नसतं. तो डबा अजून तिच्याकडे आहे, त्यात आता लवंगा असतात.

फ्रँक त्या दारात बोलला नाही, बाबा गाडीतून उतरले नाहीत, मी विचारलं नाही. म्हणून आता मुलांसमोर नाही तर निदान वाचणाऱ्यांसमोर सांगते. त्या पुंगळ्या चिंचेने फुटल्या नाहीत. त्या वासरांच्या गोठ्यामुळे फुटल्या, आणि हे तिथे सगळ्यांच्या आधी ज्या बाईने ओळखलं, ती डॉक्टरची बायको म्हणून आली होती खरी, पण ती मेटलर्जिस्ट होती, आणि ती माझी आई आहे.